विश्लेषण : खंड सरकतात हे सांगणाऱ्या वेगेनर यांच्यावर भूशास्त्रज्ञांचा विश्वास का बसला नाही?

रायगड, सिंहगड ज्या काळ्या कातळावर उभे आहेत आणि वेरूळची लेणी ज्या कातळात कोरली आहेत, तो कातळ मुळात इथे तयारच झाला नाही. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा बाहेर पडत होता, तेव्हा आपला भूभाग विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला, आजच्या रियुनियन बेटाच्या आसपास होता. तिथून तो सरकत सरकत हजारो किलोमीटर उत्तरेला आला आणि अजूनही वर्षाला साधारण ५ सेंटीमीटर या वेगाने सरकतोच आहे. आज हे शाळेच्या भूगोलात शिकवले जाते. पण शंभर वर्षांपूर्वी आल्फ्रेड वेगेनर नावाच्या जर्मन हवामानतज्ज्ञाने खंड सरकतात असे म्हटले, तेव्हा बहुतेक भूशास्त्रज्ञांनी त्यांना वेड्यात काढले. वेगेनर हयात असेपर्यंत हे चित्र बदलले नाही. ते का, आणि शेवटी ते खरे कसे ठरले?

कोण होते आल्फ्रेड वेगेनर?

वेगेनर यांचा जन्म १ नोव्हेंबर १८८० रोजी बर्लिनमध्ये झाला. वडील धर्मोपदेशक होते आणि जुन्या भाषा शिकवत. पाच भावंडांत आल्फ्रेड धाकटे. १९०५ मध्ये त्यांनी बर्लिन विद्यापीठातून खगोलशास्त्रात डॉक्टरेट मिळवली खरी, पण दुर्बिणीपुढे बसून राहण्याचा त्यांचा पिंड नव्हता. ते हवामानशास्त्राकडे वळले. त्या काळी वातावरणाच्या वरच्या थरांची मोजणी पतंग आणि बलून सोडून केली जाई. एप्रिल १९०६ मध्ये आल्फ्रेड आणि त्यांचे भाऊ कुर्ट बलूनमध्ये बसले ते सलग ५२ तासांहून अधिक काळ हवेतच राहिले. हा तेव्हाचा विक्रम होता.

त्याच वर्षी एका डॅनिश मोहिमेबरोबर ते ग्रीनलँडला गेले. मोहिमेचा प्रमुख मिलियस-एरिकसन आणि त्याचे दोन साथीदार तिथेच मरण पावले. वेगेनर १९०८ मध्ये परतले आणि मारबुर्ग विद्यापीठात शिकवू लागले. १९११ मध्ये वातावरणाच्या उष्मागतिकीवर त्यांचे पुस्तक आले. ते जर्मनीत अनेक वर्षे अभ्यासले गेले. त्यांचे सासरे व्लादिमिर कोपेन म्हणजे भूगोलाच्या विद्यार्थ्यांना हवामान विभागांच्या वर्गीकरणामुळे पाठ असलेले कोपेन. थोडक्यात, हवामानशास्त्रात वेगेनर यांचे नाव होते आणि घरातही त्याच विषयाचे वातावरण होते. भूशास्त्राची पदवी मात्र त्यांच्याकडे नव्हती. पुढे हीच गोष्ट त्यांच्या विरोधात वापरली गेली.

खंड सरकतात ही कल्पना कशी सुचली?

१९१० च्या नाताळच्या सुमारास एका सहकाऱ्याचा नवा नकाशासंग्रह चाळताना दक्षिण अमेरिकेचा पूर्व किनारा आणि आफ्रिकेचा पश्चिम किनारा एकमेकांत बसतात, हे वेगेनर यांच्या लक्षात आले. यात नवे काही नव्हते. आधीच्या अनेकांनी ते पाहिले होते आणि योगायोग म्हणून सोडून दिले होते. वेगेनर यांनीही आधी तेच केले. पण १९११ मध्ये त्यांच्या वाचनात एक संकलन आले. ब्राझील आणि आफ्रिका या दोन्ही ठिकाणी सारख्याच प्राण्यांचे जीवाश्म कसे सापडतात, याची ती जंत्री होती. मधे हजारो किलोमीटरचा समुद्र असताना हे कसे, या प्रश्नाने त्यांना पछाडले.

तेव्हाच्या भूशास्त्रज्ञांकडे याचे तयार उत्तर होते : दोन खंडांच्या मधे पूर्वी जमिनीचे पूल होते आणि ते नंतर समुद्रात बुडाले. पृथ्वी थंड होत आकसते आहे आणि वाळलेल्या सफरचंदाच्या सालीसारख्या तिच्यावर सुरकुत्या पडतात, त्याच डोंगररांगा, अशी समजूत होती. वेगेनर यांना हे पटेना. खंडांचा खडक हलका असतो आणि समुद्रतळाचा जड. हलकी गोष्ट जडावर तरंगते. मग एवढा मोठा भूभाग तळाशी बुडेल कसा? त्यापेक्षा दोन्ही किनारे एकेकाळी चिकटलेले होते आणि नंतर दूर गेले, हे जास्त सोपे होते.

६ जानेवारी १९१२ रोजी फ्रँकफर्टमध्ये भूशास्त्रज्ञांच्या सभेत त्यांनी हे मांडले, तेव्हा ते ३१ वर्षांचे होते. त्याच वर्षी ते पुन्हा ग्रीनलँडला गेले आणि डॅनिश सहकारी कोख यांच्याबरोबर तिथला हिमस्तर आडवा ओलांडला. हजार किलोमीटरहून अधिक चाल झाली. सामान वाहणारी तट्टे संपली, अन्न संपले. किनाऱ्याजवळ पोहोचेपर्यंत सोबतचा कुत्राही मारून खावा लागला. योगायोगाने खाडीतून होडीने जाणाऱ्या एका धर्मोपदेशकाच्या नजरेला ते पडले आणि वाचले.

१९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले. राखीव अधिकारी म्हणून वेगेनर आघाडीवर गेले, दोनदा जखमी झाले. बरे होण्याच्या रजेत त्यांनी खंड आणि महासागरांच्या उत्पत्तीवर जेमतेम ९४ पानांचे पुस्तक लिहिले. ते १९१५ मध्ये प्रसिद्ध झाले. युद्धाच्या धामधुमीत जर्मनीबाहेर त्याची कुणी दखल घेतली नाही.

त्यांच्याकडे पुरावे कोणते होते?

सगळे खंड एकेकाळी एकत्र होते आणि नंतर ते फुटून विखुरले, हे वेगेनर यांचे म्हणणे. त्या महाखंडाला आज पँजिया म्हणतात. फाटलेल्या वर्तमानपत्राचे तुकडे कडा जुळवून ठेवले आणि छापील ओळीही एका तुकड्यावरून दुसऱ्यावर नीट पुढे गेल्या, तर ते एकाच कागदाचे आहेत यात शंका राहत नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. किनारे म्हणजे कडा. ओळी म्हणजे खडकांचे थर, जीवाश्म आणि जुन्या हवामानाच्या खुणा.

यातल्या काही ओळी आपल्या विदर्भातही आहेत. ग्लोसोप्टेरिस नावाची एक नामशेष वनस्पती होती. जिभेच्या आकाराची पाने, मधोमध ठळक शीर. नागपूरजवळच्या कामठीच्या खडकांत आणि मध्य भारतातल्या दगडी कोळशाच्या थरांत तिच्या पानांचे ठसे सापडतात. असेच ठसे दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही मिळतात. १९१२ मध्ये दक्षिण ध्रुवावरून परतताना कॅप्टन स्कॉट आणि त्यांचे साथीदार गोठून मेले, तेव्हा त्यांच्या घसरगाडीवर सुमारे १६ किलो दगड होते. त्या दगडांतही ग्लोसोप्टेरिस निघाली. तिचे बी वाऱ्यावर समुद्र ओलांडण्याइतके हलके नव्हते. (या साऱ्या दक्षिणी भूभागाचे गोंडवाना हे नावही मध्य भारतातल्या गोंडांच्या प्रदेशावरूनच पडले. ऑस्ट्रियाचे भूशास्त्रज्ञ एडुआर्ड झ्यूस यांनी ते जगभर नेले. त्यांच्या कल्पनेतले खंड मात्र जागचे हलत नव्हते, मधले भूभाग बुडाले होते.)

त्याहून चक्रावणारी खूण बर्फाची होती. ओडिशातल्या तालचेरच्या खडकांत हिमनदीने ओढून आणलेले गोटे आहेत, हे १८५६ मध्येच लक्षात आले होते. चंद्रपूर भागात इरईजवळ तर चुनखडीच्या कातळावर हिमनदीने सरकताना मारलेले समांतर ओरखडे आहेत. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जाणाऱ्या चंद्रपुरात एकेकाळी हिमनदी होती. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वीच्या या खुणा दक्षिण आफ्रिका, दक्षिण अमेरिका आणि ऑस्ट्रेलियातही आहेत. खंड आज आहेत तिथेच तेव्हा होते असे मानले, तर विषुववृत्तापर्यंत बर्फ पसरला होता असे म्हणावे लागते. पण त्याच काळात युरोप आणि उत्तर अमेरिकेत दमट, उष्ण जंगले होती. त्यांचाच पुढे कोळसा झाला. हे सगळे भूभाग दक्षिण ध्रुवाभोवती एकत्र आणून ठेवले की कोडे एका फटक्यात सुटते. इथे वेगेनर यांचे हवामानशास्त्र कामी आले. भूशास्त्रज्ञ एकेका देशाचे खडक पाहत होते, हा माणूस संपूर्ण पृथ्वीचे जुने हवामान मांडून बघत होता. सासरे कोपेन सुरुवातीला या नादी लागू नकोस असेच सांगत होते. पण १९२४ मध्ये प्राचीन हवामानावरचे पुस्तक त्यांनी जावयाबरोबर मिळून लिहिले.

भारत उत्तरेला सरकून आशियावर आदळला आणि मधली जमीन दबून हिमालय उभा राहिला, हेही वेगेनर यांनी सांगितले होते. तपशील बदलले असले तरी त्याचा गाभा आज मान्य आहे.

मग इतका विरोध का झाला?

पुस्तकाची तिसरी आवृत्ती १९२२ मध्ये आली. १९२४ मध्ये ती इंग्रजीत गेली आणि मग टीकेचा भडिमार सुरू झाला. १९२६ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तेल भूशास्त्रज्ञांच्या संघटनेने या विषयावर खास परिसंवाद घेतला. त्यात बहुतेकांनी खंडवहनाची कल्पना फेटाळली. परका माणूस, आमच्या शास्त्रात नाक खुपसतो, सोयीचे तेवढे पुरावे वेचतो, असा एकंदर सूर होता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मन संशोधकांविषयी असलेली अढीही त्यात मिसळली असावी.

पण टीकाकार सगळे हटवादी होते आणि वेगेनर एकटे शहाणे, अशी गोष्ट नेहमी सांगितली जाते ती अर्धीच खरी आहे. त्यांच्या सिद्धांतात एक मोठे भोक होते. खंड सरकतात, पण त्यांना ढकलते कोण? पृथ्वीच्या फिरण्यामुळे खंड ध्रुवांपासून दूर रेटले जातात आणि चंद्र-सूर्याच्या भरती-ओहोटीच्या ओढीने पश्चिमेकडे सरकतात, असे उत्तर त्यांनी दिले. ब्रिटिश गणिती हॅरल्ड जेफ्रीज यांनी आकडे मांडून दाखवले, की ही बले लाखो पटींनी अपुरी आहेत. जेफ्रीज बरोबर होते. शिवाय खंड समुद्रतळाला कापत नांगरासारखे पुढे जातात, असे वेगेनर यांच्या मांडणीतून निघत होते. तसे झाले तर खंडांच्याच कडांचा चुरा व्हायला हवा होता.

वेगाचाही घोळ होता. ग्रीनलँडच्या रेखांशाच्या जुन्या-नव्या मोजण्यांची तुलना करून ते युरोपपासून वर्षाला कित्येक मीटर दूर जात आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. प्रत्यक्षात हा वेग वर्षाला दोन-अडीच सेंटीमीटर आहे, म्हणजे आपली नखे वाढतात साधारण तितका. जुन्या मोजण्यांतल्या चुकाच त्यांनी सरकणे म्हणून धरल्या होत्या. इतका वेग दिसतो म्हटल्यावर टीकाकारांना आयते कोलीत मिळाले. चालक बलाचा प्रश्न अजून सुटलेला नाही, हे वेगेनर यांनी १९२९ च्या चौथ्या आवृत्तीत मान्य केले. पण सरकण्याची गोष्ट त्यांनी सोडली नाही.

त्यांच्या बाजूने बोलणारे मोजकेच होते. दक्षिण आफ्रिकेचे अलेक्झांडर द्यु तोआ यांनी दोन्ही किनाऱ्यांवरचे खडक स्वतः हिंडून जुळवले. ब्रिटनचे आर्थर होम्स यांनी पृथ्वीच्या पोटातली उष्णता प्रावरणाला संथपणे घुसळते आणि तोच प्रवाह खंडांना वाहून नेतो, असे सुचवले. चुलीवरच्या भातातले पाणी जसे वर येऊन कडेने खाली जाते, तसे. आजचे उत्तर याच दिशेचे आहे, पण तेव्हा त्याला पुरावा नव्हता.

या वादाची झळ पोटापाण्यालाही लागली. जर्मनीत वेगेनर यांना प्राध्यापकपद मिळाले नाही. १९२४ मध्ये ऑस्ट्रियातल्या ग्राझ विद्यापीठाने त्यांना बोलावले, तेव्हा ते ४३ वर्षांचे होते.

शेवटच्या मोहिमेत काय घडले?

खंडवहन सिद्ध करायला वेगेनर ग्रीनलँडला गेले आणि तिथेच त्यांचा अंत झाला, असे अनेकदा वाचायला मिळते. रेखांशाची मोजणी कामात होती, पण १९३० च्या मोहिमेचा मुख्य हेतू दुसराच होता. हिमस्तराची जाडी मोजायची आणि त्याच्या मध्यावर वर्षभर राहून हवामानाच्या नोंदी घ्यायच्या. जाडी मोजण्यासाठी बर्फात सुरुंग उडवून तळाच्या खडकावरून परतणारा प्रतिध्वनी टिपला जाई.

किनाऱ्यापासून सुमारे ४०० किलोमीटर आत, ३,००० मीटर उंचीवर मध्य-तळ उभारला गेला. तिथे योहानेस गेऑर्गी आणि एर्न्स्ट झोर्गे हे दोघे राहिले. पण किनाऱ्यावरचा समुद्री बर्फ उशिरा वितळल्याने मोहीम आधीच काही आठवडे मागे पडली होती. पंख्यावर चालणाऱ्या मोटारगाड्या ताज्या बर्फात रुतून निकामी झाल्या. मध्य-तळावरून निरोप आला, की पुरेसे इंधन आणि सामान आले नाही तर २० ऑक्टोबरला आम्ही पायी परत निघू. पायी निघाले असते तर दोघेही वाचले नसते. मोहिमेचे प्रमुख म्हणून वेगेनर स्वतः सामान घेऊन निघाले.

सप्टेंबरच्या अखेरीस फ्रिट्झ लेव्हे, १३ ग्रीनलँडवासी आणि १५ कुत्रागाड्या घेऊन ते वाटेला लागले. थंडी वाढत गेली तसे ग्रीनलँडवासी एकेक करून परतले. त्यांना बर्फाची पारख होती, हा मोसम प्रवासाचा नाही हे ते जाणत होते. शेवटपर्यंत राहिला तो विशीतला रास्मुस विलुमसेन. सामान वाटेत टाकावे लागले. उणे ५० अंशांखालच्या थंडीत ४० दिवस चालून तिघे ३० ऑक्टोबरला मध्य-तळावर पोहोचले तेव्हा त्यांच्याजवळ द्यायला जवळपास काहीच उरले नव्हते. आणि तिथल्या दोघांनी तर बर्फात गुहा खणून आहे त्यात हिवाळा काढायचे केव्हाच ठरवले होते. निरोप पोहोचवायला बिनतारी यंत्र नव्हते. म्हणजे हा प्रवास टळला असता.

लेव्हे यांची पावले गोठली होती. भूल न देता खिशातल्या चाकूने त्यांची बोटे कापावी लागली. आता पाच जणांना पुरेल इतके अन्न नव्हते. दोन दिवसांची विश्रांती घेऊन १ नोव्हेंबरला, आपल्या पन्नासाव्या वाढदिवशी, वेगेनर विलुमसेनबरोबर दोन कुत्रागाड्या घेऊन किनाऱ्याकडे निघाले. दोघेही पोहोचले नाहीत.

१२ मे १९३१ रोजी शोधपथकाला अर्ध्या वाटेवर बर्फात उभ्या खोवलेल्या स्की दिसल्या. खाली वेगेनर यांचा देह होता, नीट गुंडाळून पुरलेला. अतिश्रमाने हृदय बंद पडले असावे, असा अंदाज बांधला गेला. पुरणारा विलुमसेनच होता. त्या अंधारात, त्या थंडीत त्याने खड्डा खणला, देह व्यवस्थित ठेवला, खूण उभी केली आणि तो एकटा पुढे गेला. वेगेनर यांची रोजनिशी त्याच्याकडे असावी. ती सापडली नाही आणि तोही नाही. वेगेनर यांच्यावर पुस्तके निघाली, चंद्रावरच्या विवराला त्यांचे नाव मिळाले. विलुमसेनचे नाव मात्र अनेक लेखांत येतही नाही.

पत्नी एल्झे यांच्या इच्छेनुसार देह तिथेच बर्फात ठेवला गेला. मोहिमेची सूत्रे बलूनमधले जोडीदार, भाऊ कुर्ट यांनी घेतली आणि काम पूर्ण केले. पुढे वेगेनर यांची मुलगी लोटे हिचे लग्न गिर्यारोहक हाइनरिख हारर यांच्याशी झाले. तिबेटमधल्या सात वर्षांवर लिहिणारे हारर ते हेच. दुसऱ्या महायुद्धात इंग्रजांनी त्यांना पकडले तेव्हा काही काळ ते अहमदनगरच्या छावणीत होते.

सिद्धांत खरा कसा ठरला?

उत्तर समुद्राच्या तळाशी होते आणि काही अंशी सह्याद्रीत. लाव्हा थंड होताना त्यातल्या लोहयुक्त खनिजांत तेव्हाच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कायमची गोठते. ध्रुवाजवळ ही दिशा उभी असते, विषुववृत्तावर आडवी. त्यामुळे खडकातला कोन मोजला, की तो कोणत्या अक्षांशावर थिजला ते कळते. १९५० च्या दशकात नोबेल मानकरी पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या लंडनमधल्या गटाने दख्खनच्या कातळाचे नमुने तपासले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही असे काम झाले. कोन सांगत होते, की हा खडक दक्षिण गोलार्धातला आहे.

दरम्यान अमेरिकेत मेरी थार्प यांनी प्रतिध्वनीच्या नोंदींवरून अटलांटिकच्या तळाचा नकाशा काढला. समुद्राच्या मधोमध डोंगररांग आणि तिच्या माथ्यावर लांबच लांब भेग दिसली. त्या भेगेतून नवा समुद्रतळ तयार होऊन दोन्ही बाजूंना सरकतो, ही मांडणी हॅरी हेस यांनी १९६२ मध्ये केली. १९६३ मध्ये व्हाइन आणि मॅथ्यूज यांनी भेगेच्या दोन्ही अंगांना आढळणाऱ्या सारख्या चुंबकीय पट्ट्यांचा अर्थ लावला. खंड समुद्रतळ कापत जात नाहीत, तळासकट सरकतात. वेगेनर यांचे भोक असे बुजले. त्या दशकाच्या अखेरीस भूपट्टांचा सिद्धांत बहुतेकांनी स्वीकारला. एल्झे वेगेनर यांनी तो दिवस पाहिला. त्या शंभर वर्षे जगल्या, १९९२ मध्ये गेल्या.

त्यांचे आणखी कोणते अंदाज बरोबर निघाले?

चंद्रावरचे खड्डे ज्वालामुखीचे आहेत, असे तेव्हा सर्रास मानले जाई. वेगेनर यांनी १९२१ मध्ये सिमेंटच्या भुकटीवर प्रयोग करून ते उल्कांच्या आघाताचे असल्याचे सांगितले. १९१६ मध्ये जर्मनीत एक उल्का पडली. लोकांनी पाहिलेल्या वर्णनांवरून त्यांनी ती कुठे सापडेल ते गणिताने काढले. पुढच्या वर्षी त्याच भागात ६३ किलोचा लोखंडी गोळा जमिनीतून निघाला.

आणि एक अगदी लहान गोष्ट. युरोपच्या जंगलांत हिवाळ्यात कधीकधी कुजक्या, ओल्या फांद्यांवर पांढऱ्या केसांचा झुपका दिसतो. हात लावला तर तो वितळतो. ते बर्फाचे केस असतात, प्रत्येक केस मिलीमीटरच्या शंभराव्या भागाइतका बारीक. असा बर्फ खरे तर काही वेळात गोळा व्हायला हवा, पण हे केस तासन् तास, कधी दिवसभरही तसेच टिकतात. १९१८ मध्ये वेगेनर यांनी या फांद्या तपासल्या. लाकडातल्या बुरशीच्या तंतूंचा याच्याशी संबंध असावा, असे लिहून ते मोकळे झाले. पुढची जवळपास शंभर वर्षे ते तसेच पडून होते. २०१५ मध्ये जर्मनी आणि स्वित्झर्लंडच्या संशोधकांनी केस उगवणाऱ्या फांद्या गोळा केल्या, सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. प्रत्येक फांदीत एक्झिडिऑप्सिस इफ्यूसा ही बुरशी होती. फांदी गरम पाण्यात बुडवून किंवा बुरशीनाशक लावून ती मारली, की केस येत नव्हते, नुसता बर्फाचा पापुद्रा धरत होता.